येणार, येणार नाही

मोनाली रंगारीच्या कामाचं कौतुक झालं ते जानेवारीतल्या एका सोमवारी. त्याच आठवड्यात गुरुवारी तिला कळलं, की ज्या गोष्टीचं कौतुक झालं ती गोष्ट मुळात घडतच नव्हती.

मोनाली नागपुरात एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती. सात माणसांची कंपनी, मालक जितेंद्र सर, आणि कामं बहुतेक दवाखान्यांची. दसऱ्यानंतर तिनं आणि तिथल्याच दुर्गेशनं मिळून धंतोलीतल्या एका डायलिसिस सेंटरसाठी वेब ॲप तयार केलं होतं. सेंटरमध्ये बारा मशिनी आणि दिवसाच्या तीन पाळ्या. किडनीच्या पेशंटला आठवड्यातून दोनदा-तीनदा चार-चार तास मशीनला लागावंच लागतं, त्यात खाडा चालत नाही. रोज सकाळी सहाला पेशंटच्या फोनवर एसएमएसनं एक लिंक जायची. ती उघडली की उद्याची वेळ आणि मशीनचा नंबर दिसायचा. खाली बटण असायचं, ‘स्लॉट कन्फर्म करा’. नऊपर्यंत ज्यांनी दाबलं त्यांचीच नावं यादीत जायची.

ॲप दिसायला देखणं होतं. पानं सरकत यायची, बटणं मऊ दबायची, रंग डोळ्याला सुखावणारे. सोमवारच्या बैठकीत जितेंद्र सरांनी आकडा वाचून दाखवला, शंभरातले शहाण्णव पेशंट कन्फर्म करतात म्हणून. आणखी दोन दवाखान्यांना दाखवायचं ठरलं. मोनालीनं घरी जाताना आईसाठी जिलेबी नेली.

त्या दोन दवाखान्यांना दाखवण्यासाठी एक तक्ता हवा होता, पेशंट कोणकोणते फोन वापरतात त्याचा. गुरुवारी दुपारी मोनाली सर्व्हरवरच्या नोंदी चाळायला बसली. बटण केव्हा दाबलं, कुठून दाबलं, सगळं तिथं लिहिलेलं असतं. तिनं फोनांची यादी काढली आणि तिला वाटलं आपलंच गणित चुकलं. पुन्हा काढली. दर शंभर कन्फर्मपैकी नव्वदच्या वर एकाच कॉम्प्युटरवरून झालेली होती. रोज सकाळी पावणेसात ते पावणेनऊच्या मध्ये. कॉम्प्युटर कोणाचा, हे शोधायला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. तो सेंटरच्या काउंटरवरचा होता.

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजता इंदोऱ्यातल्या घरून स्कूटी काढली आणि धंतोली गाठली.

काउंटरवर शोभाताई उमरेडकर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगात हिरवा स्वेटर, अकरा वर्षांपासून याच खुर्चीवर. त्यांची ड्यूटी आठची. फोन त्यांनी मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरला होता आणि दोन्ही हात कीबोर्डवर होते.

“हो जी, उद्या दुपारची पाळी हाय तुमची. येऊन राहिले ना? बरं, दाबते मी. ठेवा.” त्यांनी बटण दाबलं, फोन ठेवला, तो लगेच पुन्हा वाजला. आणखी एक नाव, आणखी एक बटण. मोनाली समोर उभी आहे हे त्यांना चौथ्या फोननंतर दिसलं.

“अवं, तू? एवढ्या सकाळी?”

“ताई, हे काय करून राहिल्या तुम्ही?”

“लोकायचं कन्फर्म दाबून राहिले.”

“काहून? त्यांच्या फोनवर लिंक जाते ना?”

“जाते. पण उघडत नाही न बाई.” शोभाताईंनी फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला, दोन मिनिटांसाठी. “कोणाचं पांढरं होते, कोणाचं नुसतं गोल फिरत राहते. पयल्या आठवड्यात बारा जणायचं कन्फर्म नाही झालं, तं यादीतून नावंच उडाली. एक बाई नरखेडहून आली, तिची मशीन दुसऱ्याले दिलेली. संध्याकाळपर्यंत बसली बिचारी, पाय असे सुजलेले. मंग मी सगळ्यायले सांगितलं, सकाळी मले फोन करत जा, मी दाबते.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू किती हौसेनं दाखवाले आली होती. पेढे घेऊन. मले वाटलं, आमच्याच लोकायले जमत नसन. शिकतीन हळूहळू. तोवर मी हाय न.”

“तीन महिने रोज सकाळी साडेसहाले येऊन राहिल्या तुम्ही?”

“एक दिवस नाही आली तं कोणाची तरी पाळी जाते. अन् पाळी गेली की...” त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तो वाजलाच.

मोनाली बाकावर जाऊन बसली. घरून निघताना तिच्या डोक्यात राग होता. कोणीतरी आपल्या कामाशी खेळतंय, आकडे फुगवतंय, असं तिला वाटत होतं. तो राग ठेवायला आता जागाच उरली नव्हती. आपल्या देखण्या पानाचं ओझं या बाईनं तीन महिने खांद्यावर वाहिलं, आणि त्या पहिल्या आठवड्यानंतर एकाही माणसाची पाळी चुकू दिली नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण शोभाताई पुढचं नाव शोधत होत्या.

नऊ वाजता फोन थांबले. शोभाताईंनी डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढं सरकवली. “साडेदहाच्या पाळीले देवरावजी अन् इंदूबाई येतीन, पारशिवनीकडचे. इंदूबाईले विचार. ती बाई हुशार हाय, अन् तोंडावर सांगते.”

देवराव साठीच्या पुढचे, पाटबंधारे खात्यात पेंचच्या कालव्यावर गेट चालवण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. आता आठवड्यातून तीनदा धंतोली. इंदूबाई त्यांची बायको, ठेंगणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पिशवी. देवरावांना मशीनला लावल्यावर ती बाहेर येऊन बसली, तेव्हा मोनालीनं आपली ओळख सांगितली.

“हो का, ते पान तुमचं?” इंदूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मॅडम, राग नका मानू. मी अंगणवाडीत चोवीस वर्षं काम केलं. आधी रजिस्टरं भरली, मंग सरकारनं फोन देल्ला, त्याच्यावर भरलं. लेकरायचं वजन, उंची, सगळं. मले फोन चालवता येते. तुमचं पानच उघडत नाही.”

“आत्ता दाखवता का, मावशी?”

इंदूबाईनं फोन काढला, काचेला एका कोपऱ्यात तडा गेलेला. लिंक दाबली. पान बराच वेळ पांढरं राहिलं, मग सगळं रंगीबेरंगी होऊन समोर आलं.

“उघडलं की,” मोनाली म्हणाली.

“इथं उघडन. इथं टॉवर डोक्यावर हाय. सकाळी सहाले मी इथं राहते काय?” इंदूबाईनं फोन पिशवीत टाकला. “घरी या, मंग दाखवते.”

मोनाली रविवारी गेली. एसटीनं पारशिवनी, तिथून पुढं सहा किलोमीटर ऑटोनं. घर साधं, पण नीटनेटकं, दारात झेंडूची दोन झाडं, समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. मोनालीच्या तोंडून आपसूक “जयभीम, मावशी” आलं. इंदूबाईचा चेहरा उजळला. “जयभीम! मले वाटलंच होतं. ये पोरी, ये.” तिथून पुढं ‘मॅडम’ गेलं ते गेलंच.

चहा झाल्यावर इंदूबाई तिला घराच्या मागं घेऊन गेली. तिथं कपडे धुवायचा दगड होता. इंदूबाई चप्पल काढून त्या दगडावर चढली आणि फोन डोक्याच्या वर धरला.

“हे माझं ऑफिस. घरात काहीच येत नाही. इथं एक दांडी येते, वारं नसलं तं दोन.”

लिंक दाबली. मोनालीनं मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. चाळीसपर्यंत पांढरं. मग मधोमध ते गोल वर्तुळ आलं, जे तिनं स्वतः दोन दिवस खपून बनवलं होतं. नव्वद. एकशेवीस. ओट्यावर खाट टाकून बसलेले देवराव तिकडून ओरडले, “भोवरा फिरून राहिला का?”

“फिरून राहिला!”

“फिरू दे. मी तोवर झोपतो जरासा.”

इंदूबाई हसली, मोनालीलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी वर्तुळ नाहीसं होऊन पान पुन्हा पांढरं पडलं. फोन तापला होता. त्याच्यात जागा म्हणून नव्हतीच. नात वेदिकाच्या फोटोंनी तो गळ्यापर्यंत भरलेला.

“असं होते पाहा. रोज. तीनदा करते मी, मंग शोभाताईले फोन लावते.”

मोनालीला चूक स्पष्ट दिसत होती. तिचं पान म्हणजे खरं तर पान नव्हतंच. फोनकडे आधी जावास्क्रिप्टचं भलंमोठं गाठोडं जायचं. फोननं ते सोडायचं, त्यातला प्रोग्राम चालवायचा, त्या प्रोग्रामनं सर्व्हरला विचारायचं की हा पेशंट कोण, मग त्याची पाळी कोणती, मग मशीन कोणती, आणि ती सगळी माहिती आली की फोननं स्वतः पान रचायचं. ऑफिसातल्या फोनवर हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं. इथं एका दांडीवर चार खेपा. त्यातली एक जरी अडली की सगळं पांढरं. हे सगळं तिनं इंदूबाईला जमेल तसं सांगितलं.

इंदूबाईनं दगडावर उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. “मंग सरळ लिहिलेलं पानच काहून नाही पाठवत? नाव, वेळ, नंबर. एवढंच तं पाह्यचं असते मले.”

असं पान पाठवता येतं. पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षी मोनाली तेच शिकली होती. सर्व्हरनं पूर्ण पान लिहून द्यायचं, त्यात एक फॉर्म, एक बटण. बटण दाबलं की फॉर्म जातो आणि नवं पान येतं. पुढं नोकरीत नव्या गोष्टी शिकताना ते तिला जुनाट वाटायला लागलं आणि मागं पडलं.

“अन् अजून एक,” इंदूबाई खाली उतरत म्हणाली. “कन्फर्म म्हणजे काय?”

“येणार आहे हे पक्कं.”

“मंग ‘येणार’ लिही न. आमच्या इकडं कोण म्हणते कन्फर्म? अन् ज्याले नाही येता येत त्यानं काय दाबावं? त्याचं तं बटणच नाही.”

तीन महिन्यांत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जो येणार नाही त्याच्याकडेच तर आधी लक्ष द्यायला हवं. त्याला ताप असेल, गाडी नसेल, घरी कोणी नसेल. पाळी चुकली की दोन दिवसांत श्वास लागतो. ॲपमध्ये अशा माणसाला बोलायची सोयच नव्हती.

तिनं वही काढली आणि परसात जमिनीवर बसून लिहून घेतलं. इंदूबाई सांगत गेली. अक्षर मोठं पाहिजे. मशीनचा नंबर वरच पाहिजे. दाबलं तर किती वाजता दाबलं ते दिसलं पाहिजे, म्हणजे भरोसा वाटतो. बोलता बोलता दोन तास गेले.

सोमवारी तिनं जितेंद्र सरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. नोंदी दाखवल्या, शोभाताईंचं सांगितलं, धुण्याच्या दगडाचं सांगितलं. शहाण्णवचा आकडा आपला नाही, शोभाताईंचा आहे, हेही सांगितलं. नोकरी जाईल असं काही तिला वाटत नव्हतं, पण सरांचा विश्वास जाईल असं नक्की वाटत होतं.

सरांनी एकच विचारलं, “किती जणांची पाळी चुकली?”

“पहिल्या आठवड्यात बारा नावं उडाली. त्यानंतर एकही नाही.”

सरांनी फोन उचलला आणि त्या दोन दवाखान्यांना सांगून टाकलं, की आमचं काम अजून दाखवण्यासारखं झालेलं नाही, झालं की आम्हीच येऊ. फोन ठेवून ते म्हणाले, “शोभाताईंना आधी त्यांची सकाळ परत दे. बाकी मागाहून बघू. आणि मोनाली, सांगितलंस ते बरं केलंस.”

हे शेवटचं वाक्य मोनालीनं पुढं कित्येक दिवस मनाशी जपून ठेवलं.

कुरकुर केली ती दुर्गेशनं. पानाचा देखणेपणा बहुतेक त्याच्या हातचा होता. “सर्व्हरवरून अख्खं पान पाठवायचं? अगं, आपण दहा वर्षं मागं चाललो.”

“जाऊ मागं. पारशिवनीपर्यंत तर पोचू.”

तिसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःच एक जुना फोन कुठून तरी घेऊन आला, त्यावर मुद्दाम मंद नेटवर्क लावलं आणि आपलंच पान उघडून बघितलं. पाच मिनिटं बघितलं. मग खुर्ची मोनालीच्या टेबलाशी ओढून म्हणाला, “सांग, काय काय काढून टाकायचं?”

खूप काही काढून टाकलं. गाठोडं गेलं, सरकणारी पानं गेली, वर्तुळ गेलं. आता लिंक दाबली की सर्व्हर त्या पेशंटचं पान तिथल्या तिथं लिहायचा, नाव, वेळ, मशीन, दोन बटणं, आणि साधं एचटीएमएल म्हणून पाठवून द्यायचा. पूर्वीच्या गाठोड्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढंही त्याचं वजन नव्हतं. एक चिमुकली स्क्रिप्ट तेवढी ठेवली. ‘येणार’ दाबलं की ती सर्व्हरला कळवायची, आणि सर्व्हर पानाचा फक्त तेवढाच तुकडा लिहून परत द्यायचा, ‘ठीक आहे. उद्या साडेदहा, मशीन चार. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी कळवलं.’ तो तुकडा बटणांच्या जागी जाऊन बसायचा, बाकी पान हलायचंही नाही. आणि समजा ती चिमुकली स्क्रिप्टही फोनपर्यंत पोचली नाही, तरी बटण अडायचं नाही. साधा फॉर्म जायचा आणि अख्खं पान नव्यानं यायचं. कसंही करून निरोप पोचणार.

‘येणार नाही’ दाबलं की शोभाताईंच्या पडद्यावर ते नाव लाल होऊन सगळ्यात वर यायचं, म्हणजे त्यांनी त्या माणसाला लगेच फोन करावा.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मोनालीनं पहिली लिंक एकट्या इंदूबाईला पाठवली आणि शेजारणीच्या फोनवर तिच्याशी बोलत राहिली. तो इंदूबाईनं कानाला धरला होता, स्वतःचा दुसऱ्या हातात.

“चढली दगडावर. दाबून राहिले. हां... उघडलं! अवो, उघडलं!” मागून देवरावांचा आवाज आला, “भोवरा?” “भोवरा नाही काही! सरळ पान आलं! मशीन चार लिहिलं हाय!”

मोनालीनं डोळे मिटून घेतले. ऑफिसात दुर्गेशनं टेबलावर थाप मारली.

“दाब आता ‘येणार’,” ती म्हणाली. मग स्वतःच जीभ चावली, “दाबा, मावशी.”

“दाबलं. ... दाबलं. ... दाबलं.”

पाच मिनिटांत काउंटरवरून शोभाताईंचा फोन आला. “अवं मोनाली, चार नंबरवर तीन देवरावजी येऊन राहिले. एकाले तं बसवते, बाकी दोघायले कुठं टाकू?”

निरोप जायला दोन सेकंद लागले होते आणि तेवढ्यात इंदूबाईनं भरवशासाठी आणखी दोनदा दाबलं होतं. चूक इंदूबाईची नव्हती. हातात काही लागलं की नाही हे कळलं नाही तर कोणीही पुन्हा दाबतंच. मोनालीनं त्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. दाबल्याबरोबर बटणावर ‘पाठवत आहे’ असं येईल, आणि एका पेशंटची एका पाळीला एकच नोंद होईल, मग तो पन्नासदा दाबो. इंदूबाईला तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे अगुदर फोनलेच सैपाक कराले लावत होत्या तुम्ही. आता ताट वाढून पाठवता. बरं झालं.” दुर्गेशनं हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

हळूहळू सगळ्यांना नव्या लिंक गेल्या. शोभाताईंचे फोन तीसवरून वीसवर आले, मग सातवर. एका सकाळी मोनालीनं नोंदी उघडल्या, तर काउंटरच्या कॉम्प्युटरवरून एकही बटण दाबलेलं नव्हतं. यादी निरनिराळ्या फोनांनी भरली होती, काटोल, उमरेड, कुही, रामटेक. ती ते नुसतं बघत बसली.

मग फेब्रुवारीच्या शेवटी तो बुधवार आला. डायलिसिसच्या मशिनींना शुद्ध पाणी लागतं, आणि सेंटरच्या पाण्याच्या प्लांटची मोटर पहाटेच जळाली. दुरुस्तीला बारा वाजणार होते. पहिल्या दोन पाळ्यांचे चोवीस पेशंट गावोगावी निघायच्या तयारीत. निरोप आला तेव्हा शोभाताई घरी होत्या. त्यांनी स्वतःच्या फोनवर काउंटरचं तसंच साधं पान उघडलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वेळा बदलल्या. चोवीस फोनांवर नवी लिंक गेली. साडेसहापर्यंत एकवीस जणांनी पान उघडून बटण दाबलं होतं. राहिलेल्या तिघांना त्यांनी फोन केले. तिघंच.

एकवीसमध्ये एक नाव लाल होतं. काटोलच्या चारुशीलाताई, शाळेत शिपाई. त्यांनी ‘येणार नाही’ दाबलं होतं. शोभाताईंनी लगेच फोन लावला. पलीकडून दमलेला आवाज आला, रात्रीपासून दम लागतोय, दुपारपर्यंत थांबवत नाही, म्हणून दाबलं. शोभाताईंनी गल्लीपलीकडच्या दुसऱ्या सेंटरला विचारून त्यांच्यासाठी आठ वाजताची मशीन मिळवली आणि त्यांना सांगितलं, निघा, मी दारात उभी राहते. आणि त्या खरंच उभ्या राहिल्या. चारुशीलाताईंना आधार देऊन आत नेलं, तिथल्या नर्सच्या हवाली केलं, आणि मगच स्वतःच्या काउंटरवर आल्या.

मोनाली धावतपळत पोचली तेव्हा काउंटरसमोर गर्दी असेल असं तिला वाटलं होतं. बाक रिकामे होते. शोभाताई चहा पीत होत्या.

“बस. सगळे घरी हायेत. एकपासून पाळीपाळीनं येतीन.” मग जरा वेळानं म्हणाल्या, “चारुशीला बरी हाय. मशीनवर झोप लागली तिले.”

मोनालीला किती दिवसांपासून जे बोलायचं होतं ते आत्ता बोलता आलं. “ताई, ते तीन महिने तुम्ही नसत्या तं माझ्या पानापायी कोणाचं काय झालं असतं, मी रोज विचार करते. मी तुमचे आभार कसे मानू?”

शोभाताईंनी कप खाली ठेवला. त्यांना अशा बोलण्याची सवय नव्हती. “आभार कायचे? पण एक सांगते. मी आता सकाळी नवऱ्यासंगं बसून चहा पिते. तो म्हणे, तुझी बदली झाली काय?” आणि दोघी हसल्या.

एक वाजता देवराव आणि इंदूबाई आले. इंदूबाईच्या काखेत हरभऱ्याच्या टहाळाची मोठी जुडी होती, शेजाऱ्याच्या शेतातली. अर्धी तिनं शोभाताईंपुढं ठेवली, अर्धी मोनालीच्या मांडीवर. देवराव मशीनला लागले आणि तिघी बाकावर बसून घाटे सोलू लागल्या.

“मावशी, तुम्ही खरं बोलल्या म्हणून हे झालं,” मोनाली म्हणाली.

“खरं बोलाले काय लागते? विचारणारं पायजे.” इंदूबाईनं एक घाटा फोडून दाणे तिच्या तळहातावर ठेवले. “चोवीस वर्षं मी भरत आली, रजिस्टरं अन् फोन. वरून सांगाले किती लोक आले. घरी येऊन, मागं परसात बसून, मावशी कसं उघडते, असं विचारणारी तू पयली. मीच तुझे आभार मानते, पोरी.”

मोनालीनं मान खाली घातली आणि दाणे खाल्ले. डोळ्यांत आलेलं पाणी दोघींनीही पाहिलं, आणि शोभाताईंनी आणखी दोन घाटे तिच्यापुढं सरकवले.

उन्हाळा लागायच्या आत जितेंद्र सरांनी त्या दोन दवाखान्यांना काम दाखवलं. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर नाही, दुर्गेशच्या त्या जुन्या फोनवर. दोघांनीही घेतलं. आणि मोनालीनं सरांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, की कुठलंही काम देऊन टाकण्याआधी ते वापरणाऱ्या एका तरी माणसाच्या घरी जाऊन यायचं. जाण्यायेण्याचा दिवस कामाचाच दिवस.

देवरावांची तब्येत आहे तशीच आहे, आठवड्यातून तीन खेपा चालू आहेत. एप्रिलमधल्या एका रविवारी इंदूबाईनं मोनालीला जेवायला बोलावलं, पान-बिन काही काम नको, नुसतं जेवाले ये म्हणून. मोनाली आईला सोबत घेऊन गेली. इंदूबाईनं डाळीच्या गोळ्यांचा गोळाभात केला होता. दोघी आया ओट्यावर बसून अंगणवाडीच्या आणि जुन्या दिवसांच्या गोष्टी करत राहिल्या, वेदिका मोनालीच्या ओढणीशी खेळत होती, आणि देवराव सगळ्यांना पुन्हा पुन्हा वाढायला सांगत होते.